छोट्या रकमेची मोठी हुंडणावळ

रत्नागिरीच्या माझ्या भाचीने जर्मनीतल्या विद्यापीठांसाठी अर्ज केले, त्या वेळची गोष्ट. अर्ज तपासून देणाऱ्या तिकडच्या संस्थेची पहिल्या अर्जाची फी ७५ युरो. तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या मेहुण्यांनी, बँकेत जाऊन परदेशी पैसे पाठवण्याचा ए-२ फॉर्म भरला, पॅनची प्रत जोडली, कमिशन भरलं आणि पावती फाइलला लावली. आठवड्याने मेल आला: रक्कम अपुरी मिळाली आहे, उरलेली आल्याशिवाय अर्ज पुढे जाणार नाही. वाटेतल्या एका बँकेने १५ युरो कापून घेतले होते. मुदतीला नऊ दिवस उरले होते. ते १५ युरो पाठवायला पुन्हा तोच फॉर्म आणि पुन्हा तेवढंच कमिशन. शेवटी ती बाकी मेहुण्यांच्या कार्डाने भरली आणि अर्ज सुटला.

त्याच आठवड्यात त्यांच्या आंब्याच्या बागेतल्या राखणदाराने घरी ८,००० रुपये पाठवले. कोकणातल्या बागांमध्ये राखणीला, फवारणीला, तोडणीला नेपाळहून माणसं येतात. पावसाळा सरला की येतात आणि मृगाआधी परततात. त्याने तालुक्याच्या शाखेत स्लिप भरली आणि नेपाळच्या डोंगरातल्या त्याच्या घरी १२,८०० नेपाळी रुपये पोचले. घरून फोन आल्यावर तो हिशेब सांगायला ओटीवर आला. मेहुणे म्हणाले, "याचे आठ हजार जसेच्या तसे पोचतात आणि माझे साडेसात हजार जर्मनीला जाताना झिजतात. दोघांनी बँकेतूनच पाठवले ना?"

या प्रश्नाचं उत्तर शोधताना भारतातून बाहेर छोटी रक्कम पाठवण्याच्या सगळ्या वाटा मी तपासल्या. अर्जाची फी, परदेशी संस्थेची वर्गणी, शिकणाऱ्या मुलाचा महिन्याचा खर्च, बहिणीच्या नातवाला भेट, अशा काही हजारांपासून लाखापर्यंतच्या रकमांचा हा आढावा आहे.

हुंडणावळ म्हणजे काय

मराठीत यासाठी एक जुना, नेमका शब्द आहे: हुंडणावळ. पुण्याचा पैसा काशीला किंवा दिल्लीला पोचवायचा तर तो थैलीत भरून न्यायची गरज नसे. सावकार हुंडी लिहून देई, तिकडचा त्याचा अडत्या ती वटवी, आणि या कामाबद्दल घेतलेला मोबदला म्हणजे हुंडणावळ. पुढे इंग्रजी अमदानीत रुपया-पौंडाच्या दरालाही हाच शब्द लागला. शुल्क आणि दर या दोन्हींना एकच शब्द असावा, यात व्यवहाराचं मोठं ज्ञान आहे. आज आपण काउंटरवर कमिशन किती ते विचारतो आणि दर न पाहता सही करतो. पैसा मात्र दोन्हीकडून जातो.

बँकेतून परदेशी पाठवलेल्या रकमेला चार ठिकाणी कात्री लागते. पहिली कमिशनची: हे बहुधा ठरावीक असतं, ५०० पाठवा की पाच लाख. दुसरी दराची: बाजारात युरो ज्या भावाने मिळतो त्याहून महाग भाव बँक लावते, आणि हा फरक पावतीवर वेगळा दिसत नाही. 'शून्य कमिशन'च्या पाटीमागे बहुतेक वेळा हाच फरक असतो. तिसरी जीएसटीची: एक लाखापर्यंतच्या रकमेचा एक टक्का, पण कमीत कमी २५० रुपये, हे चलनबदलाच्या सेवेचं मूल्य धरलं जातं आणि त्यावर १८ टक्के कर बसतो. म्हणजे हजार रुपये बदलले काय आणि पंचवीस हजार बदलले काय, कर ४५ रुपयेच. चौथी कात्री वाटेतल्या बँकेची, आणि भाचीला नडली ती हीच.

ही वाटेतली बँक येते कुठून? रत्नागिरीच्या शाखेतून युरो उडत जर्मनीला जात नाहीत. आपल्या बँकेचं युरोचं खातं तिकडच्या एखाद्या मोठ्या बँकेत असतं. बँकेतली माणसं त्याला नोस्ट्रो खातं म्हणतात. आपली बँक त्या बँकेला स्विफ्टवरून निरोप धाडते की आमच्या खात्यातून इतके काढून अमुक खात्यात घाला. स्विफ्ट ही १९७३ मध्ये बेल्जियममध्ये स्थापन झालेली निरोपांची यंत्रणा आहे. दोनशेहून जास्त देशांतल्या अकरा हजारांहून अधिक संस्था तिच्यावर आहेत. ती पैसा हलवत नाही, फक्त निरोप नेते. पैसा एका बँकेच्या वहीतून दुसऱ्या बँकेच्या वहीत सरकतो आणि मधली प्रत्येक वही आपलं शुल्क घेऊ शकते.

हे शुल्क कोणी सोसायचं, याची फॉर्मवर एक चौकट असते. 'अवर' म्हणजे सगळा खर्च पाठवणाऱ्याचा, 'शा' म्हणजे वाटून आणि 'बेन' म्हणजे सगळा घेणाऱ्याचा. मेहुण्यांच्या फॉर्मवर 'शा'ची खूण होती. ती कोणी केली हे त्यांना आठवत नाही. काउंटरवर बहुतेक वेळा तीच केली जाते. फी, वर्गणी, भाडं असं जे पैन् पै पोचायला हवं, त्यासाठी 'अवर' लिहायला सांगावं आणि त्याचा जास्तीचा खर्च आधी विचारून घ्यावा.

हिशेब मांडून पाहू

उदाहरणासाठी युरो १०० रुपये धरू. म्हणजे ७५ युरोचे ७,५०० रुपये. बँकेचं कमिशन ५०० रुपये आणि त्यावरचा कर मिळून ५९०. दरातला फरक दोन टक्के धरला तर १५०. चलनबदलाचा जीएसटी ४५. एकूण ७८५ रुपये, म्हणजे साडेदहा टक्के. त्यात वाटेत कापलेले १५ युरो मिळवले की भाचीच्या फीवरचा खर्च तीस टक्क्यांच्या वर जातो. पाच लाखांची सेमिस्टर फी पाठवणाऱ्याला तेच ५९० रुपये एक अष्टमांश टक्काही पडत नाहीत. ठरावीक शुल्काचा हा स्वभावच आहे: जो थोडे पाठवतो त्याच्यावर भार जास्त.

आता तीच फी कार्डाने भरली तर? परदेशी व्यवहारावर कार्डं साधारण दोन ते साडेतीन टक्के 'मार्कअप' लावतात. महागातलं, साडेतीन टक्क्यांचं धरलं तरी २६२ रुपये, त्यावरचा कर मिळून ३१० च्या आसपास. बँकेच्या ७८५ च्या निम्म्याहून कमी, आणि वाटेत कोणी काही कापत नाही. काही कार्डांवर मार्कअप अजिबात नसतो. तिथे खर्च जवळजवळ नाहीसा होतो.

दोन्ही वाटांची गाठ कुठे पडते तेही काढून पाहिलं. वरचे आकडे धरले तर ३०,००० रुपयांच्या आसपास दोन्हींचा खर्च सारखा, सुमारे १,२४० रुपये होतो. त्याखाली कार्ड स्वस्त, त्यावर बँक. तुमच्या बँकेचे आणि कार्डाचे आकडे वेगळे असतील तर ही रेघ इकडेतिकडे सरकेल. पण अशी एक रेघ असते हे लक्षात ठेवलं तर निम्मं काम होतं.

जगभरच्या अशा खर्चावर जागतिक बँक नजर ठेवते. २०० डॉलर पाठवायला सरासरी साडेसहा टक्क्यांच्या आसपास खर्च येतो. २०३० पर्यंत तो तीन टक्क्यांखाली आणायचा असं संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांत ठरलेलं आहे. २०२४ मध्ये भारतात बाहेरून सुमारे १२९ अब्ज डॉलर आले. या बाबतीत आपला देश जगात पहिला. येणाऱ्या पैशासाठी कंपन्यांची चढाओढ आहे, म्हणून ती वाट स्वस्त होत गेली. उदारीकृत धनप्रेषण योजनेखाली २०२४-२५ मध्ये भारतातून साडेएकोणतीस अब्ज डॉलर बाहेर गेले. त्यातल्या छोट्या रकमांची दखल घेणारं मात्र कोणी फारसं दिसत नाही.

कोणत्या कामाला कोणती वाट

वेबसाइटवर भरायची फी, सदस्यत्व, परीक्षेचा निकाल विद्यापीठाकडे धाडण्याचं शुल्क यांसाठी कार्डच उत्तम. त्याआधी एक काम करावं लागतं. २०२० पासून नवी कार्डं फक्त देशातल्या व्यवहारांसाठी चालू करून दिली जातात. परदेशी व्यवहार आपण स्वतः ॲपमधून चालू करायचे असतात. हे माहीत नसल्याने कार्ड नाकारलं जातं आणि माणसं बँकेच्या रांगेत उभी राहतात. दोन मिनिटांचं काम आहे; व्यवहार झाला की पुन्हा बंद करून ठेवावं. पैसे भरताना पडद्यावर कधी 'रुपयांत भरा' असा पर्याय येतो. तो सोयीचा वाटतो, पण तिथला दर समोरच्याने लावलेला आणि बहुतेक वेळा महागडा असतो. युरोची फी युरोतच भरावी.

खात्यात पैसे पाठवायचे असतील, म्हणजे मुलाचं घरभाडं किंवा कुणाला भेट, तर वाट उदारीकृत धनप्रेषण योजनेतून जाते. २००४ मध्ये ही योजना २५,००० डॉलरच्या मर्यादेने सुरू झाली. आज एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. पॅन लागतो आणि पैसे कशासाठी ते सांगणारा संकेत लागतो: नातेवाइकांच्या खर्चासाठी एस १३०१, भेटीसाठी एस १३०२. पाठवतानाच कापल्या जाणाऱ्या टीसीएस कराच्या धास्तीने पुष्कळ जण आधीच घाबरलेले असतात. १ एप्रिल २०२५ पासून वर्षाला दहा लाखांपर्यंतच्या रकमेवर तो कापला जात नाही, म्हणजे या लेखातल्या रकमांचा त्याच्याशी संबंध नाही.

या वाटेवर तीन गोष्टींनी खर्च उतरतो. बँकेच्या शाखेपेक्षा तिच्या ॲपवरचं कमिशन पुष्कळदा कमी असतं. परकीय चलनाचा परवाना असलेल्या कंपन्यांकडे दर विचारून पाहावा. रिझर्व्ह बँकेच्या यादीत नाव आहे का ते तपासावं. आणि ठरावीक शुल्काचा भार कमी करायचा सगळ्यात साधा उपाय म्हणजे फेऱ्या कमी करणं. दर महिन्याला वीस हजार पाठवण्यापेक्षा तीन महिन्यांचे साठ हजार एकदम पाठवले तर वर्षात बाराऐवजी चारदाच कमिशन पडतं. वरच्याच आकड्यांनी पाहिलं तर ५९० च्या आठ फेऱ्या वाचून ४,७२० रुपये हातात राहतात. मधल्या काळात रुपया घसरला किंवा वधारला तर तो धोका मात्र आपला.

शिकायला गेलेल्या मुलांसाठी फॉरेक्स कार्डही बरं पडतं. इथून आईवडील त्यात रक्कम भरतात, दर भरतानाच ठरतो, आणि मूल तिकडे त्यातून खर्च करतं. भरण्याचं आणि एटीएममधून काढण्याचं शुल्क आधी पाहून घ्यावं. परदेशात स्थायिक झालेल्या जवळच्या नातेवाइकाला भेट द्यायची असेल तर पैसे सीमेपार न्यायचीही गरज नसते. त्याचं भारतात एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं रुपयांतलं, खातं असेल तर त्यात रुपयांतच भेट जमा करता येते. ती योजनेच्या मर्यादेत मोजली जाते, पण चलन बदलावं लागत नाही, म्हणून हुंडणावळही नाही. लग्नामुंजीच्या आहेराला ही वाट उत्तम.

एके काळी नियतकालिकांच्या वर्गण्या आणि विद्यापीठांच्या फिया परकीय चलनाच्या ड्राफ्टने जात. ड्राफ्ट काढण्याचा खर्च, टपालाचे दिवस आणि तिकडे तो वटवायचं शुल्क पाहता छोट्या रकमेला ती वाट आता उरलेली नाही.

ज्या दोन वाटांनी हे सोपं केलं

आता राखणदाराच्या ८,००० रुपयांकडे येऊ. भारत-नेपाळ धनप्रेषण सुविधा २००८ मध्ये सुरू झाली. देशात आपण एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पैसे पाठवतो त्याच एनईएफटीच्या रुळांवर ती चालते; पलीकडे नेपाळ एसबीआय बँक रक्कम पोचवते. ऑक्टोबर २०२१ पासून एका वेळी दोन लाख रुपयांपर्यंत पाठवता येतात. ज्याचं इथे खातं नाही त्यालाही रोख भरून ५०,००० पर्यंत पाठवण्याची सोय आहे. घेणाऱ्याचं खातं नेपाळ एसबीआय बँकेत असेल तर या सुविधेचं मूळ शुल्क पंचवीस रुपयांच्या घरातलं. नसेल तर त्यावर आणखी थोडं शुल्क. आणि दराची कात्री तर नाहीच. भारताच्या एका रुपयाला नेपाळचे १.६० रुपये हा दर १९९३ पासून बांधलेला आहे. म्हणून ८,००० चे १२,८०० होतात, आणि राखणदाराची बायको ते बोटांवर मोजून पडताळू शकते.

कोकणाला या व्यवहाराची ओळख पटायला हवी. मुंबईच्या गिरण्यांतल्या चाकरमान्यांनी धाडलेल्या पैशांवर कोकणातली घरं कित्येक दशकं चालली. 'मनीऑर्डरवरचा मुलूख' हे बिरुद आपण अंगावर वागवलं आहे. त्या मनीऑर्डरीला पुढे वीस रुपयांना एक रुपया, म्हणजे पाच टक्के पडत आणि पोस्टमन पैसे दारात मोजून देई. आज त्याच कोकणातून दुसऱ्या देशातल्या डोंगरात मनीऑर्डर जाते, आणि पलीकडे नेपाळ एसबीआयचं खातं असेल तर आठ हजारांवर तिचा खर्च अर्ध्या टक्क्याच्याही आत राहतो.

दुसरी वाट सिंगापूरची. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी आपलं यूपीआय आणि सिंगापूरचं पे-नाऊ जोडलं गेलं. नात्यातल्या माणसाच्या खर्चासाठी किंवा भेट म्हणून दिवसाला ६०,००० रुपयांपर्यंत मोबाइलवरून पाठवता येतात आणि काही क्षणांत ते पोचतात. सगळ्या बँकांत ही सोय नाही, पण २०२५ मध्ये आणखी बँका तीत सामील झाल्या. सिंगापुरात मूल असलेल्या पालकांनी आपल्या बँकेत ती आहे का हे आधी पाहावं. पॅरिसमध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटाला यूपीआय चालतं ही बातमी वाचून पुष्कळांना वाटतं की आता फ्रान्सला पैसेही पाठवता येतील. तसं नाही, ती सोय दुकानात पैसे चुकते करण्याची आहे, कुणाच्या खात्यात टाकण्याची नाही.

अशा देशोदेशींच्या झटपट यंत्रणा एकमेकींना गुंफायचा प्रकल्पही उभा राहतो आहे. बाझलच्या आंतरराष्ट्रीय समायोजन बँकेने आखलेल्या 'नेक्सस'मध्ये भारत, मलेशिया, फिलिपाइन्स, सिंगापूर आणि थायलंड आहेत. रिझर्व्ह बँक २०२४ मध्ये त्यात सामील झाली.

नेपाळ आणि सिंगापूरच्या या दोन वाटांना जोडणारा धागा एकच आहे. दोन्हीकडे मधल्या वह्या गाळल्या गेल्या. दोन देशांच्या मध्यवर्ती यंत्रणांनी ठरवलं, रूळ जोडले, आणि छोट्या रकमेचा प्रवास स्वस्त झाला. यात मोठा शोध लागला नाही. कुणीतरी मजुराच्या आठ हजारांची काळजी केली, एवढंच.

ज्या वाटेने जाऊ नये

खर्च वाचवायला एक वाट सहज सुचवली जाते: 'तिकडच्या मावशीला फी भरायला सांगा, इथे तिच्या आईला रुपये देऊन टाका.' मावशीने भाचीची फी प्रेमाने भरली तर तो तिचा आहेर. पण तिच्या सांगण्यावरून त्याच्या बदल्यात इथे रुपये दिले की तो व्यवहार हवाल्याच्या जातीचा होतो. हुंडीचा इतिहास कितीही मानाचा असला तरी आज फेमा कायद्याने परवानाधारकाला वगळून असे पैसे फिरवता येत नाहीत, आणि दंड रकमेच्या तिपटीपर्यंत जाऊ शकतो. चारशे रुपये वाचवायला मुलीच्या व्हिसाच्या कागदपत्रांवर असा डाग कोणी ओढवून घेऊ नये.

आभासी चलनाचा सल्लाही हल्ली कॉलेजच्या पोरांकडून मिळतो. १ जुलै २०२२ पासून त्याच्या हस्तांतरावर एक टक्का टीडीएस आहे, नफ्यावर ३० टक्के कर आहे, आणि चुकीच्या पत्त्यावर गेलेली रक्कम परत मागायला काउंटरच नाही. फी भरण्यासाठी हा मार्ग धरू नये.

निष्कर्ष

तर मेहुण्यांच्या प्रश्नाचं उत्तर असं आहे. जर्मनीची वाट महाग आहे ती अंतरामुळे नाही. नेपाळच्या वाटेवर दर बांधलेला आहे आणि मधे परकी बँक नाही. जर्मनीच्या वाटेवर या दोन्ही गोष्टी नाहीत, आणि पाठवणाऱ्याला खर्च आधी कळत नाही. दर बांधणं प्रत्येक देशाशी शक्य नाही. पण पलीकडे नेमकी किती रक्कम पोचेल हे सहीच्या आधी लेखी सांगणं प्रत्येक बँकेला शक्य आहे. रिझर्व्ह बँकेने तेवढं सक्तीचं करावं आणि २५,००० रुपयांखालच्या रकमेसाठी कमिशन टक्केवारीने घ्यायला लावावं. जी मुलं शिष्यवृत्तीच्या भरवशावर अर्ज करतात, त्यांना एका फीमागे हजार-दोन हजारांचा भुर्दंड खरोखर जड जातो. तालुक्याच्या गावात मी अशी घरं पाहिली आहेत की जिथे या खर्चाच्या धास्तीने पाच विद्यापीठांचे बेत दोनवर आले.

तोवर वाचकांनी एवढं करावं. तीस हजारांखालची फी कार्डाने, मूळ चलनातच भरावी. खात्यात पाठवायची रक्कम साठवून, फेऱ्या कमी करून पाठवावी. फॉर्मवरची शुल्काची चौकट स्वतः भरावी आणि स्विफ्टची प्रत मागून ठेवावी. रक्कम अडकली तर तीवरूनच माग लागतो. आपल्याकडे काम करणारा नेपाळचा माणूस अजून कुणाच्या तरी हाती रोकड देऊन घरी पैसे धाडत असेल, तर त्याला हात धरून बँकेत न्यावं आणि पहिली स्लिप आपण भरून द्यावी. आणि काउंटरवर कमिशन विचारून थांबू नये. पलीकडे नेमके किती पोचतील ते विचारावं आणि उत्तर मिळाल्यावरच सही करावी.